ढिगाऱ्यावरचं रडार: घ्या, पण त्याच्या 'नाही'वर विसंबू नका

श्वास शोधणाऱ्या रडारबद्दल मला सगळे आधी एकच विचारतात: "ताई, किती खोलवर दिसतं?" विक्रेताही माहितीपत्रकावर हाच आकडा सगळ्यात मोठ्या अक्षरांत छापतो. आकडा खोटा नसतो. फक्त तो कशाच्या ढिगाऱ्यात मोजला, ते सांगायचं राहून जातं. मी बचाव पथकात शोध विभाग सांभाळते. हे यंत्र आमच्याकडे आल्यापासून ते मैदानावर नेणं, लोकांना शिकवणं आणि त्याच्यावर चिडणं ही कामं माझ्याकडेच आहेत. म्हणून हे लिहितेय, विशेषतः जी पथकं आता असं यंत्र घ्यायच्या विचारात आहेत त्यांच्यासाठी.

आमचं यंत्र म्हणजे एक दणकट पेटी. तळाला अँटेना, आत बॅटरी आणि सोबत वायफायने जोडलेला टॅब्लेट. पेटी ढिगाऱ्यावर ठेवायची, टॅब्लेट घेऊन लांब जायचं, मोजणी सुरू करायची आणि थांबायचं. बटणं शिकायला एक सकाळ पुरते.

आतलं तत्त्वही समजायला अवघड नाही. पेटी अगदी कमी शक्तीच्या सूक्ष्मलहरी खाली सोडते. त्या वाटेत असंख्य गोष्टींवर आपटून परत येतात. स्लॅब, विटा, सळया जागच्या हलत नाहीत, त्यामुळे त्यांच्याकडून येणारी लहर दर वेळी तशीच असते आणि ती वजा करून टाकता येते. उरतं ते हलणारं. निपचित पडलेल्या माणसाची छाती श्वासागणिक काही मिलिमीटर वर-खाली होते, तर हृदयाच्या ठोक्याने ती मिलिमीटरच्याही लहानशा अंशाने हलते. तीन गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी 10 सेंटीमीटर असते. एवढ्या लांबीच्या लहरीने मिलिमीटर पकडायचे, तर परत आलेली लहर किती सरकली हे फार बारकाईने मोजावं लागतं. ती मिनिटाला 12 ते 20 वेळा अशा संथ लयीत सरकत असेल, तर खाली कोणीतरी श्वास घेतंय.

कल्पना नवी नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठात कुन-मू चेन आणि त्यांचे सहकारी 1980 च्या दशकापासून यावर काम करत होते. 10 गिगाहर्ट्झची लहर जाड, ओल्या ढिगाऱ्यात फार लवकर विरते, म्हणून पुढे त्यांनी 1150 आणि 450 मेगाहर्ट्झवर चालणारी यंत्रं केली. आजही प्रत्येक उत्पादक हीच ओढाताण करतोय. वारंवारता कमी ठेवली तर लहर खोल जाते, पण बारीक हालचालीला मंद होते आणि अँटेना मोठा होतो. वारंवारता वाढवली तर यंत्र छोटं आणि चलाख होतं, पण पहिल्या जाड स्लॅबलाच हात टेकतं. त्यामुळे एखादं यंत्र हातात मावतं आणि खूप खोलवरही बघतं असं कोणी सांगितलं, तर मी आधी त्याची वारंवारता विचारते.

या जातीतलं सगळ्यात गाजलेलं यंत्र म्हणजे नासाच्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीने अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्यासोबत बनवलेलं फाइंडर. 2013 मध्ये ते जाहीर झालं तेव्हाचे आकडे असे होते: ढिगाऱ्यात 9 मीटर, भरीव काँक्रीटमागे 6 मीटर, मोकळ्या जागेत 30 मीटर. 25 एप्रिल 2015 च्या नेपाळ भूकंपानंतर सिंधुपाल्चोक जिल्ह्यातल्या चौतारा इथे, दोन वेगवेगळ्या पडलेल्या इमारतींखाली अडकलेली चार माणसं त्याच्या मदतीने जिवंत बाहेर आली. ती सुमारे 3 मीटर खोल ढिगाऱ्याखाली होती आणि अडकून काही दिवस उलटले होते. विक्रेत्यांच्या प्रत्येक सादरीकरणात ही गोष्ट येते, आणि यायलाच हवी.

पण तो ढिगारा विटा, माती आणि लाकडाचा होता. मला सादरीकरण थांबवून इथेच बोट ठेवावंसं वाटतं. कोरडी माती, वीट, लाकूड यांतून लहर बऱ्यापैकी जाते. आमच्यासमोर येतो तो ढिगारा बहुतेक वेळा सळयांनी शिवलेल्या काँक्रीटचा असतो. एकावर एक बसलेले स्लॅब, प्रत्येकात सळयांची जाळी, वरून पत्रा, पाण्याच्या टाक्या, कपाटं. लहरीच्या लांबीपेक्षा जाळीची घरं बारीक असतील, तर लहर तिथूनच माघारी फिरते. अखंड पत्रा आडवा आला तर प्रश्नच मिटला, त्याच्याखाली काहीही दिसत नाही. पाण्याचं तसंच. फुटलेल्या नळांनी किंवा पावसाने भिजलेली चिकणमाती लहर शोषून घेते. भूस्खलनातल्या चिखलात हे यंत्र नेताना मी सोबतच्यांना आधीच सांगते की आज फार आशा नको.

आमच्या सरावाच्या मैदानात मोठे काँक्रीटचे पाइप पुरलेले आहेत, वर तुटके स्लॅब रचलेले आहेत. आत स्वयंसेवक झोपतो, वर आम्ही पेटी ठेवतो. कोरड्या दिवशी, स्लॅबांच्या मध्ये पोकळ्या असताना, यंत्राने आतल्या माणसाचा श्वास इतक्या सहज दाखवला की नवी मुलं टाळ्या वाजवायला लागली. मग मी त्यांना त्याच जागी स्लॅबखाली एक पत्रा सरकवायला लावला. माणूस तोच, खोली तीच, बॅटरी पूर्ण भरलेली. पडदा कोरा.

माझी या यंत्राबद्दलची सगळ्यात मोठी तक्रार ही आहे. खाली कोणी नाही म्हणून आलेला कोरा पडदा आणि लहर पत्र्यावरून परत फिरली म्हणून आलेला कोरा पडदा, दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. मोजणी संपली की एक छान हिरवी पट्टी येते आणि खाली काहीच नसतं. दमलेला, रात्रभर जागा असलेला माणूस ती हिरवी पट्टी बघून काय समजेल? "इथे कोणी नाही, पुढे चला." खरं तर यंत्राला माहीत असतं. पहिल्या अर्ध्या मीटरवरूनच लहरीचा मोठा भाग परत आला, हे त्याच्या मोजमापात असतंच. ते पडद्यावर दाखवायला काय हरकत आहे? आज मी इथवर बघू शकलो, त्याखालचं मला विचारू नका, अशी एक साधी रेघ हवी. उत्पादकाला आम्ही हे कळवलं, तेव्हा "वापरणाऱ्यांचा गोंधळ होईल" असं उत्तर आलं. गोंधळ आत्ताच होतोय.

तोवर आम्ही आमचा नियम केलाय. रडारने 'आहे' म्हटलं तर काम थांबवून तिकडे बघायचं. 'नाही' म्हटलं तर वहीत फक्त 'दिसलं नाही' लिहायचं आणि पेटी हलवून पुन्हा मोजायचं, शक्य असेल तर फटीतून, बाजूने, जिन्याच्या अंगाने. केवळ रडारच्या 'नाही'वर कुठलीही जागा सोडायची नाही.

आता 'आहे'कडे येऊ, कारण तोही वाटतो तितका साधा नाही. यंत्राला माणूस दिसत नाही, लय दिसते. आणि ढिगाऱ्यावर लयीत हलणाऱ्या गोष्टींची कमी नसते. लोंबकळणारी वायर, वाऱ्यावर फडफडणारी ताडपत्री, थेंब थेंब ठिबकणारं पाणी, दूरवरचा जनरेटर, आत अडकलेलं मांजर, सगळं चालतं. आणि सगळ्यात मोठे गुन्हेगार आपणच. अँटेना खाली बघतो हे खरं, पण थोडी लहर मागे आणि बाजूलाही सांडते. पेटीशेजारी उकिडवा बसून उत्सुकतेने टॅब्लेटमध्ये डोकावणारा माणूस स्वतःचाच श्वास शोधून काढतो. हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्या सूचनेतच सांगते: पेटी ठेवली की सगळ्यांनी मागे. त्याच स्लॅबवर तर कोणीच उभं राहायचं नाही, कारण पाय बदलला तरी स्लॅब हलतो आणि पेटीही हलते.

पेटी हलली की यंत्राच्या दृष्टीने सगळं जग हललं. त्यामुळे ती ठेवायची जागा निवडणं ही खरी कारागिरी आहे. सपाट, घट्ट, डुगडुगत नाही अशी जागा ढिगाऱ्यावर सहज मिळत नाही. आम्ही वाळूची छोटी पिशवी वापरतो. पेटीसोबत आलेले रबरी पाय शोभेचे आहेत.

शांतता मिळवणं त्याहून कठीण. आंतरराष्ट्रीय शोध-बचाव पथकांमध्ये संकेत ठरलेले आहेत: एक लांब शिटी, साधारण तीन सेकंदांची, म्हणजे काम थांबवा, शांत राहा, एक लांब आणि एक छोटी म्हणजे पुन्हा सुरू करा, तीन छोट्या म्हणजे जागा सोडून बाहेर पडा. ऐकण्याच्या मायक्रोफोनसाठी ही शांतता लागतेच, रडारला आवाजाने फरक पडत नाही पण हालचालीने पडतो. पोकलेनचा चालक इंजिन बंद करतो आणि मग निवांत खाली उतरून त्याच ढिगाऱ्यावरून चालत येतो. त्याला समजावणं माझ्या कामाचा मोठा भाग झालाय. तोही बिचारा तासन्‌तास बसलेला असतो.

खोटा 'आहे' किती महाग पडतो हे बैरुतमध्ये जगाने पाहिलं. 4 ऑगस्ट 2020 च्या बंदरातल्या स्फोटाला महिना होत आला असताना चिलीहून आलेल्या पथकाच्या कुत्र्याने एका पडलेल्या इमारतीपाशी खूण दिली आणि संवेदकांवर मिनिटाला 18 च्या आसपास श्वासासारखी लय उमटली. लोक रस्त्यावर जमले, अख्खा देश जागा राहिला. काही दिवस काळजीपूर्वक उकरल्यावर खाली कोणीही जिवंत नव्हतं. 2024 च्या वायनाड भूस्खलनातही 2 ऑगस्टला मुंडक्कैला रडारवर श्वासासारखा संकेत मिळाला, अंधारात खोदकाम झालं, माणूस सापडला नाही. या दोन्ही ठिकाणी खोदणाऱ्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. संकेत आला तर खोदायचंच असतं. मात्र तो संकेत लगेच बाहेर बोलायचा नसतो. आमच्याकडे टॅब्लेट पाहणारा माणूस तोंडातून अवाक्षर काढत नाही. तो हाताने मला बोलावतो, मी पाहते, पेटी दुसऱ्या जागी ठेवून पुन्हा मोजतो. नातेवाईक दोरीपलीकडे उभे असतात आणि त्यांची नजर ढिगाऱ्यापेक्षा आमच्या चेहऱ्यांवर जास्त असते.

दुसऱ्या जागी ठेवण्याला आणखी एक कारण आहे. एकच अँटेना असलेलं यंत्र अंतर सांगतं, दिशा सांगत नाही. 'तीन मीटर' म्हणजे सरळ खाली तीन मीटर असेल किंवा तिरकं असेल. म्हणून दोन-तीन जागांवरून मोजायचं, प्रत्येक जागेभोवती तेवढ्या अंतराचा कंस कागदावर काढायचा आणि कंस जिथे एकमेकांना छेदतात तिथे लक्ष द्यायचं. आमच्या पथकातला एक जण हे काम खडूने थेट स्लॅबवर करतो, आणि टॅब्लेटमधल्या नकाशापेक्षा मला त्याचा खडू जास्त भरवशाचा वाटतो.

अंतरही जपून घ्यायचं. काँक्रीटमध्ये लहर हवेच्या अर्ध्याहूनही कमी वेगाने जाते. यंत्र मात्र मधल्या मार्गासाठी एकच वेग धरून चालतं. तो हवेचा धरला असेल तर मध्ये असलेला 30 सेंटीमीटरचा स्लॅब त्याला पाऊण मीटरच्या आसपास वाटतो, आणि माणूस दाखवल्यापेक्षा जवळ निघतो. ब्रेकर चालवणाऱ्याला हे माहीत असायलाच हवं. दाखवलेल्या अंतराच्या खूप आधीपासून तो हाताने, हळू काम करायला लागला पाहिजे.

माहितीपत्रकातला 'हृदयाचे ठोके ओळखतो' हा दावा मी बाजूला ठेवते. मोकळ्या हवेत, समोर बसलेल्या माणसावर तो खरा ठरतो. ढिगाऱ्याखाली मात्र श्वासाची लय ठोक्याला गिळते. मिनिटाला 18 श्वास असतील तर त्या हालचालीचे पटीतले प्रतिसाद 54, 72 अशा ठिकाणी उमटतात, म्हणजे जिथे ठोका शोधायचा बरोबर तिथेच. चांगली गणितं ते वेगळं करू पाहतात. आमच्या यंत्राला ते आमच्या पाइपांमध्ये भरवशाने जमलं नाही. मला त्याचं फारसं दुःख नाही, श्वास मिळाला तरी काम होतं.

विचारण्यासारखा प्रश्न वेगळाच आहे: लहान मूल आत असेल तर? बाळाचा श्वास मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जलद चालतो, मिनिटाला 30 ते 60, आणि छाती इवलीशी. यंत्राची चाळणी मोठ्या माणसाच्या लयीवर बसवलेली असेल तर बाळाची लय ती कचरा म्हणून फेकून देऊ शकते. विक्रेत्याला हे विचारा, आणि उत्तर तोंडी घेऊ नका.

मग हे यंत्र घ्यायचं कशाला? कारण एका प्रकारच्या माणसासाठी, कुत्रा सोडला तर, त्याला पर्याय नाही. मायक्रोफोनला खालच्या माणसाने टकटक करावी लागते, हाक द्यावी लागते, निदान कण्हावं लागतं. कॅमेऱ्याला भोक लागतं. उष्णता दाखवणारा कॅमेरा स्लॅबच्या पृष्ठभागापलीकडे जात नाही. बेशुद्ध पडलेला, आवाज न करणारा, पण श्वास चालू असलेला माणूस फक्त कुत्र्याच्या नाकाला आणि या पेटीला कळू शकतो. आणि कुत्र्याला मिळतो तो वास हवेच्या वाटेने आलेला असतो; तो फटींतून वळसे घेत भलत्याच कोपऱ्यात बाहेर पडू शकतो. कुत्र्याने कोपरा दाखवायचा आणि रडारने त्याच्या आसपास अंतर काढायचं, ही जोडी मला सगळ्यात उपयोगी वाटते.

तरी दोन्हींतलं एकच परवडत असेल तर मी कुत्रा म्हणेन. फेब्रुवारी 2023 च्या भूकंपानंतर तुर्कस्तानच्या नुरदागीत भारताच्या एनडीआरएफच्या ज्यूली या कुत्रीने ढिगाऱ्यात शिरून भुंकून जागा दाखवली, मग रोमिओ या दुसऱ्या कुत्र्याला स्वतंत्रपणे सोडलं तर त्यानेही तीच दाखवली, आणि तिथून सहा वर्षांची मुलगी जिवंत निघाली. आधी एक, मग दुसरा, पहिल्याचं दुसऱ्याला न सांगता. रडार वापरतानाही हीच पद्धत असावी असं मी आमच्या मुलांना सांगते: पहिल्या मोजणीचा निकाल दुसऱ्या जागी मोजणाऱ्याला कळवायचा नाही.

आणि या दोघांच्याही आधी शेजारी. कोणत्या खोलीत कोण झोपतं, जिना कुठे होता, त्या वेळी घरात किती जण असतील, हे विचारून घेतल्याशिवाय पेटी उघडण्यात अर्थ नाही. एवढा मोठा ढिगारा या पेटीने सरसकट चाळायला घेतला तर दिवस निघून जातो. जागा आधी माणसांनी कमी करून द्यायची असते.

बाकी किरकोळ. बॅटरी चांगली आहे, थंडीतही टिकते. टॅब्लेट मात्र कोणीतरी कार्यालयात बसून निवडलाय. ओल्या हातमोज्यांनी पडदा ऐकत नाही, उन्हात काही दिसत नाही, आणि त्याची चार्जिंगची पिन धुळीने भरते. आम्ही पडद्यावर सावलीसाठी पुठ्ठ्याची झडप लावली. वायफाय दोन स्लॅबांच्या आड गेलं की तुटतं, आणि तुटलं की मोजणी पहिल्यापासून. ही गोष्ट मला अक्षम्य वाटते, कारण मोजणी पेटीत होते, टॅब्लेटमध्ये नाही. ती साठवून ठेवायला काहीच अडचण नव्हती. पेटीचं हँडल एका हाताला पुरेसं आहे, पण चढताना दुसरा हात मोकळा लागतो आणि वजन एका बाजूला झुकतं. पाठीवर घ्यायचे पट्टे वेगळे मागवावे लागले.

घेताय तर चाचणी तुमच्या जागेवर, तुमच्या ढिगाऱ्यात मागा. विक्रेता स्वतःची लाकडी भिंत घेऊन येतो. तिला नम्रपणे बाजूला ठेवा. ओला स्लॅब, पत्रा, आत झोपलेला माणूस आणि आत कोणीच नाही, अशा सगळ्या जागा तयार ठेवा, आणि कुठे काय आहे ते त्याला सांगू नका. रिकाम्या जागांवर यंत्र किती वेळा 'आहे' म्हणतं ते स्वतः लिहून घ्या, कारण माहितीपत्रकात तो आकडा कधीच नसतो. कच्चा आलेख दाखवणारं यंत्र मिळत असेल तर फक्त ठिपका दाखवणाऱ्यापेक्षा ते घ्या, शिकायला जास्त वेळ लागला तरी. आणि सुटी बॅटरी, सुटा टॅब्लेट त्याच ऑर्डरमध्ये मागवा. नंतर मागितलं की महिने जातात.